उसवणकाकूंच्या दुकानातला चिलीचा होडीवाला

आमच्या गल्लीत नवे कपडे शिवून देणारे बरेच जण होते, पण बिघडलेला कपडा सुधारून देणाऱ्या एकट्या उसवणकाकू. पँट लांब झाली, शर्ट पोटावर आवळायला लागला, कोटाचं अस्तर लोंबायला लागलं, की माणूस काकूंकडे. कपडा हातात पडला की काकू आधी कातरीच्या टोकाने त्याची शिवण उसवायच्या आणि मग शांतपणे विचारायच्या, "काय करायचंय याचं?" तोवर गिऱ्हाईकाला परत न्यायची सोय उरलेली नसे. म्हणून हे नाव. ते मी ठेवलं असं लोक म्हणतात. लोक काहीही म्हणतात.

या काकूंना वाचनाचं वेड लागलं ते एका कोटाच्या खिशातून. कपडा मशीनखाली घालण्याआधी खिसे रिकामे करायचे हा त्यांचा नेम. कुणाचे रुमाल, कुणाच्या किल्ल्या, एकदा तर एका सभ्य गृहस्थाच्या खिशातून बायकोपासून लपवलेली दाढ निघाली, सोन्याची. तसाच एका प्रवाशाच्या खिशातून एक कादंबरी निघाली, कुठल्याशा बेटावरची, भाषांतर केलेली. प्रवासी कोट न्यायला आलाच नाही. काकूंनी वाट बघता बघता दहा पानं वाचली आणि अकराव्या पानावर शेजारी इस्त्री करणाऱ्या थोरल्या जावेकडे बघून ओरडल्या, "अहो जाऊबाई, ही तर आपली सासू!"

त्या बेटावरची सासू सुनेला चूल पेटवायला ओली लाकडं द्यायची आणि वर धुराबद्दल तिलाच बोलायची. काकू इतक्या चिडल्या की पुस्तक संपल्यावर सरळ ग्रंथालयात गेल्या. "अशी सासू असलेलं आणखी एक पुस्तक द्या."

ग्रंथपाल बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "कुठल्या देशातलं?"

"सासू काय देश बघून येते होय?"

तेव्हापासून ग्रंथालयातलं मागच्या भिंतीचं कपाट, जिथे परदेशी कादंबऱ्या धूळ खात पडल्या होत्या, ते काकूंच्या मालकीचं झाल्यासारखं झालं. जपान झालं, नायजेरिया झालं, पोलंड झालं, इजिप्त झालं. जगाबद्दलची त्यांची मतं पक्की होत गेली. नॉर्वेच्या सासवा बोलत नाहीत, ते जास्त वाईट. इजिप्तच्या सासवा फार बोलतात, पण मनात काही ठेवत नाहीत. पोलंडात सगळे रडतात आणि मग सूप पितात. हे सगळं एकेका पुस्तकाच्या जोरावर, पण काकूंशी वाद घालायची प्राज्ञा कुणाची?

वाचलेलं काकू दुकानात सांगायच्या. हात कामात, तोंड गोष्टीत. अडचण एकच, टाचण्या. पँटची दुमड मोजायला बसल्या की ओठांत टाचण्या धरायच्या, आणि नेमकं तेव्हाच गोष्टीतलं कुणीतरी कड्याच्या टोकाशी उभं असायचं. आम्ही सगळे ताटकळत. एका मास्तरांना तर आपली पँट केव्हाच मोजून झालीय हेही कळलं नव्हतं. हात वर करून तसेच उभे होते.

परदेशी नावं मात्र काकूंना जमायची नाहीत. मग त्या नात्याने बोलायच्या. "तो थोरला दीर", "ती मधली नणंद", "आपले म्हातारबुवा". आणि नावांवर भागवतील तर त्या काकू कसल्या! कपडा जसा गिऱ्हाईकाच्या अंगावर बसवायचा, तशी गोष्टही ऐकणाऱ्यांच्या अंगावर बसवायच्या. बर्फातली घसरगाडी आली की तिचा हातगाडा करायचा, किल्ल्यातला सरदार आला की त्याचा नगरसेवक. त्यामुळे दुकानात उशिरा शिरलेल्या माणसाला कळायचं नाही की चर्चा अर्जेंटिनाची चाललीय की पलीकडच्या बिल्डिंगची. मी स्वतः एका घटस्फोटाची बातमी गल्लीभर पोचवून आलो आणि मग कळलं, ती माणसं फिनलंडची होती. बातमी म्हणून ती वाईट नव्हती.

काकूंच्या शेजारी इस्त्रीच्या टेबलाशी असायच्या त्यांच्या थोरल्या जाऊबाई. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, दोघेही लवकर गेले. सासरचं घर वाटणीत गेलं आणि या दोघी एकमेकींच्या वाटणीला आल्या. जाऊबाई इस्त्री करायच्या, काजं-बटणं करायच्या, आणि फार थोडं बोलायच्या. पुस्तक कधी उघडायच्या नाहीत. पण गोष्ट रंगली की इस्त्री एकाच जागी थांबायची आणि काकूंना ओरडावं लागायचं, "जाऊबाई, बाही!"

आणि तिसरे घड्याळवाले. कोपऱ्यावर त्यांचं खोक्याएवढं दुकान. डोळ्याला भिंग लावून दिवसभर चिमट्याने चाकं उचलत बसायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. माणूस सज्जन, लाजाळू, आणि कपड्यांच्या बाबतीत फार दुर्दैवी. दर आठवड्याला त्यांचं काही ना काही उसवलेलं. कधी कोटाची बाही, कधी खिसा, कधी कॉलर. कपडा काकूंच्या पुढ्यात ठेवायचे, नजर इस्त्रीच्या टेबलाकडे ठेवायचे आणि काम होईपर्यंत भिंतीला टेकून गोष्ट ऐकायचे.

आता एक चहाडी करतो. जाऊबाई गल्लीतल्या प्रत्येक पुरुषाला भाऊ म्हणायच्या. दूधवाले भाऊ, पोस्टमन भाऊ, मलासुद्धा, मी त्यांच्याहून कितीतरी मोठा असून. घड्याळवाल्यांना मात्र "घड्याळवाले" एवढंच. पुढे भाऊ कधी लागला नाही. मी हे टिपलं होतं आणि माझ्या स्वभावाच्या विरुद्ध जाऊन कुणालाही सांगितलं नव्हतं. म्हणजे, फारसं कुणाला नाही.

मग काकूंच्या हाती चिलीची ती कादंबरी आली. धुक्याचा समुद्रकिनारा, एक विधवा बाई जाळी विणून पोट भरते, आणि एक म्हातारा होडीवाला रोज आपलं चांगलं जाळं आपणच कापतो आणि तिच्याकडे शिवायला आणतो. बोलत काहीच नाही. काकूंना गोष्ट फार आवडली. पण जाळं कुणाला समजणार? काकूंनी जाळ्याचा कोट केला.

दुकान भरलेलं होतं. काकू सांगत होत्या, "तर हे आपले म्हातारबुवा. रोज स्वतःच कोट उसवायचा आणि रोज हिच्याकडे घेऊन यायचं! बरं, यांना वाटतंय कुणाला कळत नाही. अहो, सगळ्या गावाला माहीत! पोरंटोरंही हसतायत!" आणि सगळे हसले. भाजीवाली तर टाळी देऊन हसली.

दारात घड्याळवाले उभे होते. हातात कोट.

त्यांनी काकूंकडे पाहिलं, हसणाऱ्यांकडे पाहिलं, कोट अलगद खुर्चीवर ठेवला आणि गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. पुढच्या आठवड्यात आले नाहीत. कोपऱ्यावरून घरी जायला आमच्या गल्लीतून सरळ वाट, पण ते मागच्या बाजूने वळसा घालून जायला लागले.

काकूंच्या काही ध्यानात येईना. "तब्येत बिघडली असेल," म्हणाल्या.

जाऊबाईंनी इस्त्री खाली ठेवली. "तब्येत नाही बिघडली. तू त्यांना भर दुकानात हसलीस."

"मी? अहो, तो चिलीचा होडीवाला!"

"होडी कुठे होती त्यात? कोट होता." जाऊबाईंनी खुर्चीवरचा कोट उचलून काकूंसमोर धरला. "ही बाही बघ. फाटलीय?"

काकूंनी बोट फिरवलं. दोरा कुठे तुटलेला नव्हता. एकेक टाका बारीक चिमट्याने उचलून शिवण मोकळी केली होती, कापडाला ओरखडा नाही. इतकं स्वच्छ उसवणं काकूंनाही जमलं नसतं.

"प्रत्येक वेळी असंच असायचं," जाऊबाई म्हणाल्या. "मला पहिल्या दिवशी कळलं. तुझ्या हातून एवढे कोट गेले, तुला नाही दिसलं? तुला त्या जपानातल्या बाईच्या मनातलं कळतं. चांगलंय."

काकू गप्प. त्यांना गप्प बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि तोंडात टाचणी नव्हती.

त्यानंतर दुकानात गोष्ट नाही. जाऊबाई येत, इस्त्री करत, जात. घरीही दोघींचं बोलणं मीठ संपलंय आणि दार लाव एवढंच. मग एक दिवस जाऊबाईंनी भाजीवालीला सहज सांगितल्यासारखं सांगितलं, की महिनाअखेर त्या लेकीकडे राहायला जाणार, कायमच्या. भाजीवालीने मला सांगितलं. मी काकूंना सांगितलं. कधीकधी अशा सांगण्याचाही उपयोग होतो.

काकूंनी मशीनवर कापड टाकलं, पुस्तक काखेत मारलं आणि कोपऱ्यावर गेल्या. मी मागोमाग. माझ्या घड्याळाचा पट्टा सैल झाला होता असं समजा.

"हे ऐका," काकू म्हणाल्या, आणि पुस्तक उघडून पहिल्या पानापासून वाचायलाच लागल्या.

"मला काम आहे," घड्याळवाले भिंगातून मान न उचलता म्हणाले.

"हात चालू राहू द्या. कान तर रिकामेच आहेत."

या खेपेला काकूंनी काहीही बदललं नाही. होडी ती होडी, धुकं ते धुकं. ती लांबलचक नावंसुद्धा अडखळत, घाम पुसत, अक्षर जुळवत वाचली. म्हातारा आपलं जाळं कापतो त्या पानावर आल्यावर घड्याळवाल्यांचा चिमटा थांबला.

"जाळं? तुम्ही तर कोट म्हणालात."

"माझ्या दुकानात जाळी कुठे येतात? गोष्ट अंगावर बसावी म्हणून आवळायला गेले. चुकले. तुमच्या मापाची होईल असं वाटलं नव्हतं."

घड्याळवाल्यांचे कान लाल झाले. बराच वेळ एक चाक उगाच पुसत राहिले. मग म्हणाले, "पुढे?"

काकू रोज जाऊ लागल्या. थोडं थोडं वाचायच्या. होडी वादळात सापडली, त्या बाईचा भाऊ डोंगरातून आला, तिला आपल्याकडे चल म्हणाला. शेवटचं प्रकरण उरलं आणि काकूंनी पुस्तक मिटलं.

"पुढे?"

"पुढचं इथे नाही. पुढचं माझ्या दुकानात. दुपारी या. जाऊबाईंनी अर्धीच गोष्ट ऐकलीय, त्यांनाही शेवट कळायला हवा. त्या चालल्या लेकीकडे."

घड्याळवाल्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "कधी?"

"तुम्ही वळसे घालत बसा," काकू म्हणाल्या आणि निघून आल्या.

दुपारी ते आले. हात मागे बांधून भिंतीला टेकले. जाऊबाई इस्त्रीच्या टेबलाशी, पाठमोऱ्या. काकूंनी शेवटचं प्रकरण उघडलं आणि दोन ओळींनंतर थांबल्या. का ते मला त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. शेवट वाईट होता. आणि वाईट शेवट सैल करणं काकूंना अवघड नव्हतं. त्यांनी जाऊबाईंच्या पाठीकडे पाहिलं आणि लिहिलं होतं तसंच वाचलं. ती बाई भावाबरोबर डोंगरात निघून जाते. म्हातारा किनाऱ्यावर उभा राहून बघतो. काही बोलत नाही. घरी येतो आणि जाळं कापायला बसतो. संपलं.

मग घड्याळवाले, ज्यांचा वर चढलेला आवाज मी जन्मात ऐकला नव्हता, ते चक्क भडकले. "हा काय मूर्खपणा! एवढं जाडजूड पुस्तक लिहिलं आणि त्या माणसाच्या तोंडून एक वाक्य वदवलं नाही?"

जाऊबाई वळल्या. "कोणतं वाक्य?"

"कोणतंही!"

"एक सांगा बघू."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक दारात. "काकू, ही चेन..."

"दुकान बंद आहे."

"दार तर उघडं आहे."

"बंद म्हटलं ना! जा!" चेनवाला पळाला.

घड्याळवाले जमिनीकडे बघत होते. हातांचं काय करावं हे कळत नव्हतं. शेवटी इतक्या हळू बोलले की मला मान पुढे काढावी लागली, "मी... उद्यापासून काही न घेता आलो, तर चालेल का?"

जाऊबाईंनी इस्त्री उभी केली. "चालेल. पण नुसतं भिंतीला टेकायचं नाही. चहा तुम्ही करायचा, माझे हात कामात असतात." आणि मग माझ्याकडे वळून, "भाऊ, तुम्हाला घर आहे ना?"

इतक्या प्रेमाने मला कुणी आजवर हाकललं नव्हतं. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत बातमी सांगून झालीसुद्धा.

जाऊबाई लेकीकडे गेल्या, पण आठ दिवस राहायला, आणि घड्याळवाल्यांबद्दल लेकीला स्वतःच्या तोंडाने सांगून परत आल्या. लेक आधी रुसली, मग त्यांना बघायला आली, मग त्यांच्याकडून स्वतःचं बंद पडलेलं घड्याळ फुकटात दुरुस्त करून घेऊन गेली. लग्नबिग्न दोघांनी केलं नाही. घड्याळवाले चहा फार वाईट करतात, तरी जाऊबाई पूर्ण पितात. काम आटोपलं की दोघं नदीपर्यंत फिरून येतात, हातभर अंतर ठेवून.

त्या वेळी काकू दुकानात एकट्या असतात. परवा मी मुद्दाम डोकावलो. दिवा लावून पुस्तकात डोकं घालून बसल्या होत्या, शेजारची इस्त्री थंड. बाईचा चेहरा जरा उतरल्यासारखा वाटला, आणि मला राहवलं नाही.

"काकू, सुनंसुनं वाटत असेल नाही हो, जाऊबाई नसल्या की?"

काकूंनी वर पाहिलं. क्षणभर डोळे भरल्यासारखे झाले, आणि तितक्यात पानाकडे परतले.

"वाटतं की," त्या म्हणाल्या. "पण आत्ता गप्प बसा. इथे आइसलंडमध्ये एक बाई बर्फात अडकलीय आणि तिचा भाचा दिवा घेऊन उलट्याच दिशेला निघालाय. बसायचं असेल तर बसा. वाचते मोठ्यांदा."

मी बसलो.