तळ्याकाठी बसायची सोय

ऑस्ट्रेलियात, ट्रुगानिनातल्या घरात क्षितिजा दिवसभर एका जागी टिकत नसे. लॅपटॉप स्वयंपाकघरात, चार्जर बेडरूममध्ये आणि बाई स्वतः मधल्या पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालत. लॉकडाऊनने तिला घरात कोंडलं होतं आणि ती बनवत असलेल्या व्हिडिओ गेमच्या दुसऱ्या भागाने तिचं डोकं खाल्लं होतं.

पहिला भाग तिने जीव ओतून केला होता. त्यात एक तळं होतं. काठावर जाऊन बसलं की काहीच होत नसे; पाणी हलायचं, बस्स. ते सगळ्यात जास्त आवडलं तिच्या वडिलांना. सदानंदराव नागपूरहून लेकीकडे म्हणून आले आणि सीमा बंद झाल्याने इथेच अडकले. बुद्धविहार बंद, फिरायला तेवढी तासाभराची मुभा. मग सकाळची वंदना आटोपली की गृहस्थ चपला काढून सोफ्यावर मांडी घालायचे, कंट्रोलर हातात घ्यायचे आणि तळ्याकाठी जाऊन बसायचे. चपला काढून गेम खेळणारा माणूस अख्ख्या ऑस्ट्रेलियात दुसरा नसेल! "दुसऱ्यात तळं मोठं कर बाई," एवढीच त्यांची मागणी.

गेम बाजारात आणणाऱ्या पब्लिशरच्या मागण्या मात्र संपता संपत नव्हत्या. खेळणारा रिकामा बसता कामा नये, हे तर त्यांनी डोक्यातच घेतलं होतं.

"तळं ठेव, पण बसलं की शॉप उघडू दे, लोक काहीतरी विकत घेतील," टीममधला सुजित कॉलवर म्हणाला. "नाहीतर तळ्याची पूर्ण लेव्हलच कट करतायत ते. नंतर पॅच काढून दुरुस्त करू. नो वरीज."

क्षितिजा भांडली, रडकुंडीला आली आणि तळं तरी वाचावं म्हणून हो म्हणाली.

गेम आला आणि आपटला. लोकांनी शिव्या घातल्या, त्याचं तिला फारसं वाटलं नाही; शिव्या रास्तच होत्या. पण पप्पा गेमविषयी चकार शब्द काढेनात, याचीच तिला जास्त काळजी लागली. एका सकाळी तिने दारातून पाहिलं. तळं खरंच मोठं झालं होतं. पप्पा काठावर बसले. लगेच टोप्या विकणारं दुकान पडदाभर उघडलं. त्यांनी ते बंद केलं, पुन्हा बसले. पुन्हा दुकान. मग ते तळ्याला वळसा घालून पलीकडे गेले आणि तिथे बसून पाहू लागले.

चाहूल लागताच ते ओशाळले. "रोज करून पाहतो मी. माझंच काही चुकते काय गं?"

ती दारातून आत आली. "नाही पप्पा, तुमचं नाही चुकत. ते मीच तसं केलंय."

"कोणासाठी?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं.