न उठलेला हात

तो उजवा खांदा अजून डोळ्यांपुढून जात नाही. तेव्हा मी नागपुरात उपनिरीक्षक होते. पुढे नोकरी सोडली.

हुडकेश्वरच्या एका बंगल्यात घरफोडी झाली होती. कॅमेऱ्यात तोंड बांधलेला माणूस दोन्ही हातांनी उंच भिंतीचा काठ धरून अंग वर खेचताना दिसत होता. खबऱ्याने खाप्याच्या एका पेंटरचं नाव दिलं. त्याच बंगल्याचं रंगकाम त्याने चोरीच्या थोडंच आधी अर्धवट सोडलं होतं. आम्हाला तेवढं पुरलं.

ठाण्यात झडतीसाठी हात वर करायला सांगितलं. डावा गेला, उजवा खांद्याशीच अडला. हवालदार म्हणाले, "लय आकड आहे गा तुले."

चौकशीला त्याचा ठेकेदारही समोर होता, आम्हीच बोलावलेला. काम काहून सोडलं, यावर पेंटर गप्प. साहेबांच्या लेखी ही कबुलीच होती. दुपारी अटक दाखवून कोर्टात न्यायचं ठरलं.

मी बाजूला जबाब लिहीत होते. 'माहीत नाही' म्हणताना त्याचा एकच खांदा उडायचा. दुसरा ओघळलेला, आणि त्या बाजूला मानेवर बोटभर व्रण. कॅमेऱ्यातला माणूस तर दोन्ही हातांनी वर चढला होता. सांगितलं तर साहेब हसतील, नाही सांगितलं तर हा आत जाईल. शेवटी चहाच्या निमित्ताने ठेकेदाराला बाहेर पाठवलं आणि पेंटरला हाताचं विचारलं.

"गाठ काढली तवापासून हात वर जात नाही, मॅडम. स्लॅबले रोलर मारता येत नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"त्याच्यासमोर? चोर म्हटलं तर माणूस कधीतरी सुटते. हात गेला म्हटलं तर मले कामावर कोण घेईन?"

मी साहेबांना सांगितलं. ते चिडले, पण तपासणीला पाठवलं. धंतोलीतले डॉक्टर म्हणाले, मेंदूपासून निघून मान आणि खांद्याचे स्नायू हलवणारी नस दुखावली आहे. मानेतली गाठ काढताना असं कधी कधी होतं. हा भिंतीवर अंग खेचूच शकत नाही. नस जोडायची तर लवकर, महिने उलटले की उपयोग नाही.

त्याला सोडलं तेव्हा फाटकाशी ठेकेदाराने मला कारण विचारलं. पेंटर माझ्याकडे बघत होता.

"कॅमेऱ्यातला माणूस हा नाही," मी एवढंच म्हटलं.

पुढे त्याचं ऑपरेशन झालं. हात कपाळापर्यंत येतो, असं त्याच्या बायकोने फोनवर कळवलं. त्यानंतर मी कोणाचाही जबाब घेण्याआधी खोलीत आणखी कोण बसलंय, ते बघायची.