गॅडिस, चौदा नंबर

पोर्टर्स मिल गावात वेंडेल स्टकीनं तीस वर्षं टपाल वाटलं, आणि एकाचं पत्र दुसऱ्याच्या पेटीत पडल्याची तक्रार एकदाही आली नाही. पण टपाल हे पोटासाठी. गाव त्याला ओळखायचं ते कॉलेजच्या बास्केटबॉलच्या वहीमुळं. घरच्या मैदानावर सामना असला की काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घालून तो कोर्टाच्या कडेच्या टेबलावर बसायचा आणि कुणी किती गुण केले, कुणाचे किती फाउल झाले, ते पेन्सिलीनं लिहायचा. वर फळ्यावर काय वाट्टेल ते आकडे झळकोत, भांडण झालं की रेफरी येणार तो वेंडेलच्या वहीपाशी. एकतीस वर्षांत तिच्यात चूक निघाली नव्हती. हे तो स्वतः बोलून दाखवत नसे, पण दुसरा कुणी बोलला की स्वारी खूश व्हायची.

आमच्या जिममध्ये एक रीत आहे. पाहुण्या संघाची नावं पुकारायला लागले की सगळे प्रेक्षक वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरतात. तुम्ही कोण लागून गेलात, आम्हाला तुमचं तोंडही बघायचं नाही, असं. शाळेतल्या पोरांपासून चर्चच्या पाद्र्यापर्यंत सगळे धरतात आणि पानं मुद्दाम फडफडवतात. वेंडेलनं मात्र कधी धरलं नाही. टेबलावरच्या माणसानं कुणाची बाजू घ्यायची नसते, आपलं काम बघण्याचं आहे, असं तो म्हणायचा. आणि ते खरंही होतं, मार्क्वेल येईपर्यंत.

मार्क्वेल गॅडिस आला तो लांबच्या गॅरी शहरातून, अठरा वर्षांचा, लांबच लांब हातांचा. पहिल्याच थंडीत घरच्या आठवणीनं पार मलूल झाला, तेव्हा वेंडेलच्या बायकोनं, आर्डिथनं, त्याला रविवारी जेवायला बोलावलं. कुस्करलेल्या बटाट्यांवर वाफाळती कोंबडी आणि जाड शेवया, असा तिचा रविवार. पोरानं तीनदा वाढून घेतलं. मग तीन वर्षं त्याचा रविवार तिथंच गेला. छताच्या पन्हळीतली पानं तोच काढायचा, आर्डिथच्या ओव्हनचं बिघडलेलं दार त्यानंच बसवलं. सामन्याच्या आधी टेबलापाशी येऊन हळूच म्हणायचा, "काका, चौदा नंबरला दोन गुण जास्त लिहा की, कुणाला कळतंय." चौदा हा त्याचा नंबर. वेंडेल वर न बघता म्हणायचा, "पळ, खेळ जाऊन." स्टकी नवराबायकोला मूलबाळ नव्हतं. एवढं सांगितलं की पुरे.

पूर्वी कॉलेज बदललं तर पोराला एक वर्ष बाकावर बसावं लागायचं. आता तसं नाही. वसंतात बदलीसाठी नाव नोंदवायचं, बोली यायची, की हिवाळ्यात दुसऱ्याचा शर्ट अंगात. चौथ्या वर्षाच्या तोंडावर मार्क्वेलला बेलफोर्ट विद्यापीठानं उचललं. बेलफोर्ट आमच्याच गटातलं, पण पैशानं गब्बर, आणि तिथले सामने टीव्हीवर दिसतात. पोरगा सांगायला घरी आला. आर्डिथनं त्याला जवळ घेतलं आणि वाटेत खायला डबा बांधून दिला. वेंडेल गॅरेजमध्ये गवत कापायचं यंत्र उघडून बसला होता. पोरगा दारात उभा राहिला, "काका, निघतो," म्हणाला. वेंडेल "बरं" म्हणाला आणि नसलेला स्क्रू शोधत राहिला. ही त्याची पहिली लाज, पण तेव्हा तिला तो राग समजत होता.

एक गेला की दुसऱ्याचे पाय हलायला लागतात. मे महिन्यापर्यंत तेरातले आठ गेले. कोच डनिगननं फुटबॉलवाल्यांतले दोघे आणि वाचनालयात काम करणारा एक लंबू असे गोळा करून संघ उभा केला. जुन्यांतला नाव घेण्यासारखा राहिला ब्राइस हॉक, चौथ्या वर्षाचा, पलीकडच्याच शिवारातल्या शेतकऱ्याचा मुलगा. त्यालाही दोन कॉलेजांनी विचारलं होतं. तो राहिला. आणि ते हरायला लागले. पंधराने, तिसाने, एकदा तर एकेचाळीस गुणांनी. फेब्रुवारी आला तेव्हा सतरा सामने झाले होते आणि सतराही गेले होते. मधल्या सुट्टीतच माणसं गाड्या काढायची. ब्राइस प्रत्येक सामन्यानंतर टेबलापाशी येऊन वेंडेलशी हात मिळवायचा आणि मान खाली घालून आत जायचा. वेंडेलच्या मनात यायचं, हे सगळं त्या सोडून गेलेल्या एकानं केलं.

अठरावा सामना बेलफोर्टशी, आमच्या जिममध्ये. त्या दिवशी गावच्या लोकांनी जिमच्या दारात वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणून ठेवले होते.

पाहुण्यांचा मदतनीस कोच नियमाप्रमाणे खेळाडूंची यादी घेऊन आला. वेंडेलनं ती वहीखाली सरकवून एकेक नाव आणि नंबर उतरवला. गॅडिस लिहिलं आणि पुढं हात आपोआप चौदाकडं गेला. यादीत त्याच्यापुढं बत्तीस हा आकडा होता. तीन वर्षं ज्या नावापुढं चौदा लिहिलं त्या नावापुढं बोटांनी दुसरं काही लिहिलंच नाही, आणि डोळ्यांनी ते पकडलंही नाही. मदतनीसानं वही तपासून खाली सही करायची असते. तो तरुण हसून म्हणाला, "स्टकीसाहेबांची वही, तपासायचं काय तिच्यात," आणि न बघता सही ठोकून गेला.

मार्क्वेल सुरुवातीच्या पाचात नव्हता. सातव्या मिनिटाला तो आत आला तेव्हा जिममध्ये अशी हुर्यो झाली की घड्याळवाल्याचा भोंगा ऐकू येईना. दुसऱ्याच चढाईत त्यानं चेंडू जाळीत टाकला. त्याच्या पाठीवरचा आकडा बघून वेंडेल बत्तीस नंबरची ओळ शोधायला लागला. बत्तीस कुठंच नव्हता. तो काही बोलायच्या आत शेजारचा घड्याळवाला लॉयल वहीत बघतच होता, त्यानं खेळ थांबवला आणि रेफरीला ओरडून सांगितलं की बत्तीस वहीत नाही.

रेफरी आला. जिम शांत झालं.

"वेंडेल, त्यांनी यादीत काय दिलं होतं?"

यादी वहीखाली होती, बोटभर अंतरावर. काढून दाखवायची आणि म्हणायचं, माझा हात चुकला, एवढंच होतं. लिहिणाऱ्याची चूक असली तर कुणालाच शिक्षा नसते, नंबर बदलून खेळ पुढं चालू होतो. वेंडेलनं समोर बघितलं. ब्राइस गुडघ्यांवर हात टेकून, धापा टाकत, त्याच्याचकडं बघत होता. एकतीस वर्षं डोक्यात आली. गॅरेजचं दारही आलं.

"यादीत आहे तेच वहीत आहे," तो म्हणाला.

यादी पुढं कुणी मागितली नाही. मदतनीसाची सही होती आणि वही वेंडेलची होती. यादी चुकीची दिल्याबद्दल बेलफोर्टला तांत्रिक फाउल लागला, ब्राइसनं त्याचा एका गुणाचा फ्री थ्रो आत टाकला, आणि बेलफोर्टच्या कोचनं मार्क्वेलला बाहेर काढलं. तो मग शेवटपर्यंत बाकावरच बसला. वेंडेलनं यादीची घडी करून शर्टाच्या खिशात घातली. अक्षर त्यानं बिघडू दिलं नाही. शेवटी सामना आम्ही जिंकलो. एका गुणानं.

काय सांगावं, माणसं कोर्टावर उतरली. डनिगन, तो कोरडा माणूस, रडला. ब्राइसला खांद्यावर घेतलं. लॉयल वेंडेलची पाठ थोपटत होता. त्या गर्दीतून वाट काढत मार्क्वेल टेबलापाशी आला. गरम कपडे घातलेला, अंगाला घामसुद्धा नाही. त्यानं वहीत डोकावून बघितलं आणि थोडा हसला.

"अजून चौदाच लिहिता होय काका?"

वेंडेलनं वहीवर हात ठेवला. मग म्हणाला, "तुझ्या कोचनं तुला का बसवलं? चूक कुणाची असेना का."

"मीच म्हटलं ना त्यांना. यादी मी टाइप केली होती, जुना नंबर माझ्याच हातून गेला, असं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्ही रेफरीला सांगितलेलं मला ऐकू आलं. मग तुम्हाला खोटं कसं पाडणार?"

वेंडेल पेन्सिली गोळा करायला लागला.

"आई आलीय गॅरीहून. मी सकाळी फोनवर म्हटलं होतं, आज मी तुला खेळताना दिसेन. असू दे. आर्डिथकाकूंना सांगा, डबा विसरलो नाही मी." आणि तो गेला. वर तिसऱ्या रांगेत एक बाई कोट घालून उभी होती, ती वेंडेलकडं बघून ओळखीचं हसली. वेंडेलनं वही मिटली आणि ती ठेवायच्या पेटीला कुलूप लावायच्या निमित्तानं मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या हॉटेलात त्याला कुणी पैसे देऊ देईना. फितूर पोराला नंबरानंच पकडलं, असं म्हणत माणसं टेबलावर हात आपटून हसत होती. वर्तमानपत्रात ब्राइसचा फोटो होता आणि खाली वहीचा. वेंडेलनं अंडी तशीच टाकली. घरी आला तर आर्डिथ धुण्यापाशी त्याच्या शर्टाच्या खिशातला घडीचा कागद उलगडून उभी होती. बत्तीस हा आकडा तिनं वाचला होता, आणि रात्री रेडिओवर सामनाही ऐकला होता.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं कागद टेबलावर ठेवला, फोन त्याच्याशेजारी ठेवला आणि ती बाहेर जाऊन कपडे वाळत घालायला लागली, बाहेर बर्फ असताना.

वेंडेलनं बेलफोर्टच्या कोचला फोन केला आणि सगळं सांगितलं.  कोच म्हणाला की निकाल आता बदलत नाही, पण पोराची माफी मी मागतो. "तुमची तुम्ही मागा," एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला. वेंडेलनं मार्क्वेलला फोन लावला तो कुणी उचलला नाही, म्हणून पत्र लिहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं पोचवली, स्वतःचं लिहिताना चार कागद फाडले.

डनिगनला सांगायला गेला तर डनिगन दार लावून घेत म्हणाला, "वेंडेल, हे माझ्याकडं सांगितलंस, पुरे झालं. ब्राइसनं त्या सामन्याचा चेंडू घरी नेलाय. आई-बापाच्या खोलीत ठेवलाय. तुझं मन हलकं करायला तू त्याच्याकडून ते काढून घेणार?"

हा प्रश्न वेंडेलला तीन दिवस खात होता. गप्प राहावं तर त्या पोराच्या खांद्यावर आपलं खोटं, सांगावं तर वर्षभरात मिळालेली एकच गोष्ट हिसकावून घ्यायची. चौथ्या दिवशी तो हॉकांच्या गोठ्यावर गेला आणि सांगितलं. ब्राइस गाईंना चारा घालत होता. ऐकून होईपर्यंत त्यानं फावडं खाली ठेवलं नाही.

"मी इथं राहिलो काका," तो म्हणाला. "राहिल्याबद्दल मला तेवढं एकच मिळालं होतं."

वेंडेल उभा राहिला. त्याला म्हणायचं होतं की मी तुझ्यासाठीच, पण ते खोटं झालं असतं. थोडं तुझ्यासाठी, थोडं एकतीस वर्षांसाठी, आणि बरंचसं जो सोडून गेला त्याला दुखवण्यासाठी. तो जाऊन गाडीत बसला. दोन दिवसांनी त्याच्या ओट्यावर किराण्याची एक पिशवी होती. आत चेंडू होता. चिठ्ठी नव्हती.

वेंडेलनं टेबल सोडलं. डनिगननं आणि कॉलेजनं गोष्ट बाहेर जाऊ दिली नाही. गावानं आपलं ठरवलं की म्हाताऱ्याचे डोळे गेले असावेत, आणि त्याला आणखी मान द्यायला लागले.

घरचा शेवटचा सामना आला. चौथ्या वर्षाच्या पोरांचा निरोप त्याच दिवशी असतो, म्हणून आर्डिथ म्हणाली, जायचं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा वेंडेल प्रेक्षकांत बसला. पाहुण्यांची नावं सुरू झाली तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी प्रेमानं त्याच्या हातात वर्तमानपत्र कोंबलं. ते त्या विजयाचंच होतं, लोकांनी जपून ठेवलं होतं. वेंडेलनं ते उघडलं आणि तोंडासमोर धरलं. पाहुणे संपले. सगळ्यांनी पेपर खाली घेतले. आपली पोरं सुरू झाली. वेंडेलचा पेपर तसाच.

"खाली घे," आर्डिथ हळूच म्हणाली. "ब्राइसचं नाव पुकारलंय."

त्यानं खाली घेतला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. ब्राइसनं आईला फूल दिलं, मग वळून चारी बाजूंना हात हलवला. टेबलाकडं बघितलं, तिथं नवा माणूस होता. मग त्याची नजर वेंडेलवर आली, क्षणभर थांबली, आणि पुढं गेली.