सहा किलो तुरीला दोन-दोन मिनिटं

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू मायक्रोवेव्हला कान लावून उभ्या राहत. आत काचेच्या भांड्यात तूरडाळ फिरत असे. दोन मिनिटं झाली की भांडं काढून जाहीर करत, "गेले सारे!" म्हणजे डाळीतले सोंडे मेले.

मुलीनं पाठवलेल्या त्या यंत्रात त्यांनी जेवण कधी गरम केलं नाही. "त्याले गॅस हाये ना!" यंत्र होतं किडे मारायला आणि वाळवायला. मेथी, कढीपत्ता, संत्र्याची सालं. सालं मी एकदा तोलली. आत जाताना चारशे ग्रॅम, बाहेर येताना एकशे पाच.

"बाकीचं पाणी कुठं गेलं, काकू?"

"माह्या चष्म्यावर पाहा ना, भाऊ."

अमरावतीतल्या आमच्या गल्लीच्या निम्म्या डाळी त्यांच्याकडून फिरून येत.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा धाकटा भाऊ अकोल्याजवळच्या गावाहून सहा किलो तूर ठेवून गेला. त्यांच्या आईपासून घरात चालत आलेलं बियाणं. बाजारात ते मिळत नाही आणि पेरायला एवढंच उरलं होतं. मे महिन्यात त्याला सोंडे लागले. काकूंनी मायेनं यंत्र सुरू केलं. एका वेळी अर्धा किलो. अकरा खेपा झाल्या आणि वीज गेली.

मला दुसऱ्या दिवशी कळलं. "काकू, शिजलेलं बी उगवतं का?"

"शिजलं काहून? पाणी कुठं टाकलं म्या?"

मी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले. दुसऱ्या गोणपाटात न फिरवलेल्या अर्ध्या किलोतले शंभर. पाचव्या दिवशी उघडलं. पहिल्यात शून्य.

"पुन्हा मोजा," काकू म्हणाल्या.

मी शून्य पुन्हा मोजलं. दुसऱ्यात एकसष्ट उगवले होते. सोंड्यांनी खाऊनही.

त्यांचा भाऊ आला तेव्हा काकूंनी दारातच सांगून टाकलं. त्यानं मूठभर दाणे हातावर घेऊन पाहिले. मग म्हणाला, "ताई, मायची तूर भाजून ठेवली तू. आता घुगऱ्या तरी कर."

"करतो," काकू म्हणाल्या. "पण राहिलेला अर्धा किलो मी सोता येऊन लावतो. एकेक दाणा."

घुगऱ्या चांगल्या झाल्या होत्या. दुसऱ्यांदा कोणी मागितल्या नाहीत.

काकू आठ दिवसांसाठी म्हणून गावी गेल्या, त्याला आता चार महिने झाले. परवा त्यांच्या भावानं फोटो पाठवला. खांद्याएवढ्या तुरीत काकू कमरेवर हात ठेवून उभ्या आहेत. मी झाडं मोजली. त्रेचाळीस भरली. काकूंच्या मागची मोजता आली नाहीत.