बंड्याचं घोंगडं

सोलापूर सोडलं तसं बंड्याने खिडकीबाहेर तोंड काढलं. बंड्या म्हणजे माझा गावठी कुत्रा. प्रवासात मला माणसांची सोबत सोसत नाही, फार बोलतात. तेरचं जुनं विटांचं देऊळ पाहायचं, एवढाच आमचा बेत होता.

तामलवाडीजवळ उसाच्या कडेला थांबून मी भाकरी आणि शेंगाच्या चटणीची शिदोरी सोडली. बंड्याने बांधावरच्या एरंडाखाली नाक खुपसलं आणि असा केकाटला की घास माझ्या हातातच राहिला. पानावर हिरवीगार घोणस अळी (अंगभर विषारी काटे असलेली) होती. बघता बघता त्याचा ओठ सुजला, लाळ गळायला लागली. हा आता हातचा जातो, असं वाटून मी मदतीसाठी ओरडले.

ओरडा ऐकून शेजारच्या रानातून रशीदचाचा आणि त्यांची सून शबाना धावत आले. चाचांनी खांद्यावरचं घोंगडं काढलं.

"धरा त्याला. अळी लागली की आमी घोंगडंच चोळतो. केसं निघून येत्यात."

"न्हाय अब्बा! ती केसाळ अळी येगळी. हिचे काटे चोळलं की आत जात्यात. माझ्या हाताला चोळलं तवा किती आग झाली, इसरले व्हय?"

चाचांनी घोंगडं परत खांद्यावर टाकलं. शबानाने बंड्याचं तोंड खाली धरून कडेने पाणी सोडलं, म्हणजे ते पोटात न जाता बाहेर पडावं. "आता डॉक्टरकडं पळा ताई. गळा सुजला तर दम कोंडंल."

मी गाडी चालवली. चाचा मागे बसले, बंड्याला त्याच घोंगड्यावर मांडीशी घेऊन. "दम चालू हाय त्याचा. तुमी म्होरं बघा."

तुळजापूरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी ओठातले आणि जिभेतले काटे काढले, इंजेक्शन दिलं. "चोळलं नाहीत, बरं केलंत," ते म्हणाले. चाचा छताकडे बघत राहिले.

चाचा एसटीने परतले, घोंगडं गाडीतच राहिलं. त्या रात्री लॉजवाल्याने कुत्रा पाहून आठ्या घातल्या, पण सुजलेलं तोंड पाहून खोली दिली. दुसऱ्या दिवशी तेरला बंड्याने दहीभात चाटूनपुसून खाल्ला तेव्हा मलाही भूक लागली.

परतताना घोंगडं द्यायला तामलवाडीला थांबले. बंड्या त्यावरून उठेचना. मी ओढलं, तो गुरगुरला.

"ऱ्हाऊ द्या त्याला," चाचा हसले. "चोळायच्या कामाचं न्हाय म्हणती सून. बसायच्या तरी कामाला आलं."

तेरचं देऊळ कसं होतं, असं घरी सगळे विचारतात. सुंदर होतं. मी मात्र सांगायला बसले की घोंगड्याचंच सांगते, आणि बंड्या त्यावर पडून ऐकत असतो.