गार डांबर परत पाठवणारे सलीमभाई

आयुष्यभर ज्या माणसावर मी जळलो, तो आज गेला.

सलीमभाई. लातूरचे. माझ्यासारखेच छोटे रोड कॉन्ट्रॅक्टर.

भूकंपानंतर नवी गावं वसली, तिथले रस्ते आम्ही दोघांनी केले. माझ्या गावचे सरपंच चहा मला पाजायचे आणि तारीफ सलीमभाईंची करायचे.

मग सरकारचे नवे नियम आले. मोठा डांबर प्लँट, डांबर अंथरणारं पेव्हर मशीन असेल त्यालाच टेंडर.
नियम वाईट नव्हते. पण आम्ही सगळे बाहेर पडलो. आमचे छोटे प्लँट भंगारात गेले.

सगळी कामं एका बाहेरच्या कंपनीला. आम्ही तिच्या हाताखाली रस्त्याचे तुकडे घ्यायला लागलो.
लोह्याहून लातूरकडं येताना आधी सलीमभाईंचा तुकडा, पुढं माझा.

कंपनीचा प्लँट लांब. डंपर पोचेपर्यंत डांबराचा माल थंड व्हायचा. गार माल रोलरखाली दबत नाही, पावसाळ्यात खडी उखडते.

पहिल्याच दिवशी सलीमभाईंनी थर्मामीटर लावला आणि डंपर परत पाठवला.
मग दुसरा.

कंपनीचा मॅनेजर आला. काम काढून घेतो म्हणाला.

सलीमभाई शांतपणे म्हणाले, "ज्या नियमानं आमाला बाहेर काढलं ना साहेब, त्यातच लिवलंय. गार माल टाकायचा न्हाई."

आणि सरकारी इंजिनिअरला बोलावून घेतलं. त्यांनी तपासलं, सगळ्या रस्त्याचं काम बंद केलं.
शेवटी कंपनीला लोह्याजवळ प्लँट टाकावा लागला.

तोवर आम्ही दोघंही रिकामे. मी चिडून विचारलं, तुम्हाला ही उठाठेव कशाला?

"लेकरं ट्युशनला ह्याच रोडनं लातूरला जातेत."
एवढंच.

थर्मामीटर माझ्या गाडीतही होता हो. मला का नाही सुचलं, याची आग अजून आहे.

मग गरम माल आला. दोन्ही तुकडे सारखेच झाले.
माझा जरा सरसच. हे मी आजही म्हणतो.

आज मयतीला जाताना जीप त्याच रस्त्यानं निघाली. त्यांचा तुकडा संपला, माझा सुरू झाला.
मी कुठं चाललोय ते ड्रायव्हरला माहीत होतं.

"हा पुरा रोड सलीमभाईचाच बघा," तो म्हणाला. "अजून खड्डा न्हाई."

मी खिडकीतून माझ्या रस्त्याकडं बघत राहिलो.

"हाव, त्यांचाच," म्हणालो.

सलीमभाई, तुम्हाला माती देऊन आलो.
जळणाऱ्या दोस्ताचा भरल्या डोळ्यांनी सलाम.