कुठल्या गावची सिफ्रिया

मलकाआत्या काचेच्या दारावर थापा मारत होती. आतली बाई हातानंच सांगत होती, बंद झालं. पेताह तिक्वाची सिफ्रिया, म्हणजे लायब्ररी. शुक्रवारची दुपार, शब्बाथची सुट्टी तोंडावर, शेवटची बस सुटायला आलेली, आणि आत्या हलेना.

"सॅमी, तुझ्या हिब्रूत सांग तिला. मराठी पुस्तकं आहेत का, एवढंच."

"बस गेली तर इथंच झोपशील काय?"

"झोपेन. तू सांग."

सांगितलं. नव्हती.

आत्या माझ्या बापाची थोरली बहीण. किर्यात मलाखीला आमच्याच ब्लॉकमध्ये राहायची, कारखान्यात बाटल्या धुवायची. आजोबा कोकणात आम्हा ज्यू लोकांत कीर्तनं करायचे. स्वतः रचलेली. त्यांचं पुस्तक मुंबईत छापलेलं. इकडं येताना सामानाचं वजन जास्त भरलं, म्हणून आत्यानं ते सामाजीकाकांच्या पेटीत टाकलं. काका इथं आले, आणि घरात जागा नाही म्हणून अख्खी पेटी सिफ्रियेला देऊन मोकळे. कुठल्या गावच्या? "बस थांबली, उतरलो, समोरच होती," म्हणे. आता बोला!

त्यात खालच्या मजल्यावरची डेझीबाई. भर जिन्यात म्हणाली, "मलके, तुझा बाप दुसऱ्यांचीच गायचा. पुस्तक असतं तर दाखवलं नसतंस?"

मी डेझीबाईच्या पोराच्या नाकावर एक ठेवून दिली. तर आत्या माझ्यावरच उखडली, "त्याच्या नाकात माझ्या बापाचं नाव आहे का रे?"

तेव्हापासून कुणाकडे लग्न असो, दुखणं असो, गावात उतरलो की आधी सिफ्रिया. मी शाळा सोडली ती पुस्तकांची तोंडं बघायला नकोत म्हणून!

त्रेसष्टच्या हिवाळ्यात एलातला गेलो, आत्याच्या मुलाकडे, जोशुआकडे. दिवसभर बसमध्ये हाडं खिळखिळी. समोर निळाशार समुद्र, आणि हिनं मला सिफ्रियेत ओढलं. एकच खोली. तिथल्या बाईनं खालच्या फळीकडं बोट दाखवलं. मराठी पुस्तकं, सगळी उलटी लावलेली. त्यातल्या एकाला नवा जाड पुठ्ठा. आत्यानं उघडलं. पहिल्या पानावर कार्डाचं पाकीट आणि तारखांचा कागद, पान पार झाकलेलं. पुढं थेट पहिलं कीर्तन. आत्या मोठ्यानं गायलाच लागली, पान न उलटता पुढचंही.

"शेकेत!" गप्प बसा म्हणून बाई ओरडली.

"हेच," आत्या म्हणाली. "बाबांचंच."

"नाव कुठंय?"

तिनं पुढनं पाहिलं, मागनं पाहिलं. "नावाचं पान गेलेलं दिसतंय."

"गेलं तर गेलं. कोटाखाली घालतो, नेऊन डेझीबाईच्या तोंडावर मार."

"बिननावाचं? ती म्हणेल, कुणाचंही असेल. आणि बापाचं नाव चोरून आणू?"

बंद होईपर्यंत बसली, त्या पाकिटावर अंगठा दाबून. मग पुस्तक सरळ लावलं आणि उठली. त्यानंतर कुठल्याच गावात ती सिफ्रियेत शिरली नाही. मीच म्हटलं तरी म्हणायची, "चल, बस चुकेल."

चौसष्टला मी एलातच्या बंदरात कामाला लागलो. एका संध्याकाळी उगाच त्या सिफ्रियेत गेलो, पुस्तक काढलं. उन्हाळ्यानं डिंक वाळलेला, पाकीट हातातच आलं. हिब्रू पुस्तक उजवीकडनं उघडतं. त्या बाईला आमचं पहिलं पान शेवटचं वाटलं, आणि तिनं पाकीट तिथंच चिकटवलं. पाकिटाखाली ठळक अक्षरात आजोबांचं नाव होतं. आत्याचा अंगठा सगळा वेळ त्याच्यावरच होता.